हातापायांना मुंग्या : दोष रक्ताचा की मज्जातंतूंचा?

सातारा आणि सांगली हे कृष्णाकाठचे दोन्ही जिल्हे कष्टकऱ्यांचे. उसाच्या फडात, हळदीच्या रानात वा द्राक्षाच्या बागेत दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या हातापायांना वरचेवर मुंग्या येऊ लागल्या, तळवे बधिर झाले, की 'रक्त फिरेनासे झाले' असे निदान बहुधा घरच्या घरीच केले जाते. मग तेलाचे मालीश, गरम पाण्याचा शेक असे उपाय महिनोन्महिने चालू राहतात. या निदानात तथ्य किती, याचा उलगडा होणे अगत्याचे आहे. बधिरतेची कारणे अनेक असून प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. चुकीच्या समजुतीत गेलेला काळ पुष्कळदा भरून निघत नाही.

मुंग्या येतात म्हणजे काय होते?

स्पर्श, उष्णता, थंडी व वेदना यांची वार्ता त्वचेपासून मेंदूपर्यंत नेण्याचे काम मज्जातंतू करतात. त्यांच्या कार्यात अडथळा आला, की ही वार्ता विस्कळीत होते. त्यालाच आपण मुंग्या किंवा झिणझिण्या म्हणतो. वार्ता पोहोचणेच थांबले, की तो भाग बधिर होतो. मांडी घालून बराच वेळ बसल्यास पायाला मुंग्या येतात, तेव्हा 'रक्त अडले' असे म्हटले जाते. वस्तुतः त्या वेळी मज्जातंतूवर दाब पडलेला असतो आणि त्याला रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्याही दबलेल्या असतात. पाय मोकळा करताच काही मिनिटांत संवेदना परत येते. अशा मुंग्यांची काळजी करण्याचे कारण नाही.

हाच दाब रोज तासन्‌तास पडत राहिला, तर मात्र प्रश्न गंभीर होतो. गुडघ्याच्या बाहेरील बाजूस, किंचित खाली, एक मज्जातंतू हाडाला वळसा घालून अगदी त्वचेलगत जातो. सतत उकिडवे बसून काम करणाऱ्यांचा हा तंतू दबतो, पावलाची वरची बाजू बधिर होते आणि चालताना पाऊल उचलता येईनासे होते. स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांत हा विकार आढळल्यामुळे वैद्यकशास्त्रात तो स्ट्रॉबेरी तोडणाऱ्यांच्याच नावाने ओळखला जातो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मळ्यांत, तसेच भांगलणीच्या कामात, मधूनमधून उभे राहून पाय मोकळे करणे हा यावरील साधा व बिनखर्चाचा उपाय होय.

रक्तप्रवाहाचा दोष कसा ओळखावा?

रक्ताभिसरणातील दोषामुळे बधिरता येतच नाही, असे नाही. पायाच्या धमन्या आतून अरुंद झाल्या, तर स्नायूंना व मज्जातंतूंना पुरेसे रक्त मिळत नाही. या विकाराची खूण बहुधा स्पष्ट असते. ठराविक अंतर चालल्यावर पोटरीत कळ येते, थांबल्यावर काही मिनिटांत ती शमते आणि पुन्हा तेवढेच चालल्यावर परत येते. पाऊल थंड व फिकट पडते, त्यावरील केस झडतात, बोटांच्या जखमा भरत नाहीत. घोट्याच्या आतील बाजूस हाडामागे आणि पावलाच्या पाठीवर लागणारी नाडी क्षीण होते किंवा लागत नाही.

या विकाराचा सर्वांत मोठा मित्र म्हणजे तंबाखू. निपाणीच्या परिसरात व कृष्णेच्या खोऱ्यात विडीच्या तंबाखूचे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतले जात आले असून विडीचे व्यसनही येथे नवे नाही. विड्या ओढणाऱ्या तरुण व मध्यमवयीन पुरुषांत हातापायांच्या लहान धमन्या सुजून बंद पडण्याचा एक विकार आढळतो. लिओ बर्गर या डॉक्टरांनी १९०८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. बोटे प्रथम थंड व बधिर होतात, नंतर काळी पडतात आणि शेवटी ती कापून टाकण्याची वेळ येते. तंबाखू पूर्णपणे सोडल्यास हा रोग बहुधा जागीच थांबतो; विडी चालू ठेवल्यास मात्र कोणताही उपचार टिकत नाही.

थंडीत हाताची बोटे पांढरी, मग निळसर आणि ऊब मिळताच लाल होणे हाही रक्तवाहिन्या आकुंचन पावण्याचाच परिणाम. तो बहुधा निरुपद्रवी असतो. पण बोटांना जखमा होऊ लागल्यास तपासणी करून घ्यावी.

अधिक वेळा आढळणारी कारणे

दोन्ही तळपाय एकदम बधिर होऊ लागले, रात्री त्यांची आग होऊ लागली, पायातून चप्पल निसटल्याचे कळेनासे झाले, तर प्रथम मधुमेहाचा विचार करावा. रक्तातील वाढलेली साखर मज्जातंतूंना अपाय करते, तशीच त्यांचे पोषण करणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांनाही. मज्जातंतू आणि रक्त हे दोन्ही दोष येथे एकत्र येतात. अशा पायाला खडा टोचल्याचे वा चटका बसल्याचे समजत नाही. म्हणूनच घरगुती शेक येथे घातक ठरतो. पाणी किती कढत आहे हे त्या पायाला कळत नाही आणि भाजल्याची जखम चिघळते.

ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव हेही एक कारण आहे. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस, मासे अशा प्राणिजन्य आहारातूनच मिळते. त्यामुळे दूधही अल्प घेणाऱ्या शाकाहारी व्यक्तींत ते कमी पडते. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही त्याची पातळी घटू शकते. अतिमद्यपान, थायरॉईडचे विकार, कमरेतील मणक्यांची सरकलेली चकती आणि मनगटात दबलेला मज्जातंतू ही आणखी काही कारणे. मनगटाच्या विकारात अंगठा व त्यालगतची बोटे बधिर होतात आणि रात्री मुंग्यांनी झोपमोड होते.

चट्टा दिसल्यास

त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा असून तेथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी तातडीने करावी. मिरजेत रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयाच्या रूपाने या रोगावरील सेवेची जुनी परंपरा आहे. देशपातळीवर रोगाचे प्रमाण दर दहा हजारी एकाच्या खाली आल्याचे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले. तरी नवे रुग्ण आजही आढळतात. बहुविध औषधोपचार शासकीय आरोग्य केंद्रांत मोफत मिळतो आणि रोगाच्या प्रकारानुसार तो ६ किंवा १२ महिने घ्यावा लागतो. वेळीच उपचार झाल्यास रोग पूर्ण बरा होतो आणि व्यंग टळते. लाजेपोटी चट्टा लपविणे म्हणजे व्यंगाला आमंत्रण देणे होय.

विलंब नको

दोन प्रसंगी मात्र एक तासही दवडू नये. शरीराची एक बाजू अचानक बधिर वा लुळी पडली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजावा. बहुतेक वेळा मेंदूचा रक्तपुरवठा गुठळीने खंडित झालेला असतो आणि गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तसेच एखादा हात वा पाय एकाएकी थंड, पांढरा, बधिर होऊन असह्य दुखू लागला, तर त्याची धमनी बंद पडली असण्याचा संभव असतो. काही तासांतच तो अवयव गमावण्याची वेळ येते. अशा वेळी २०१४ पासून राज्यात सुरू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस पाचारण करावे.

एरवी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करावी. रक्तातील साखर, रक्तदाब, पावलाची नाडी आणि त्वचेची संवेदना एवढ्या प्राथमिक तपासणीतूनही कारणाची दिशा बहुधा कळते. धमनीबद्दल शंका असल्यास घोट्याचा व दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात. घोट्याचा दाब दंडाच्या नऊ दशांशाहून कमी भरल्यास पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचे मानले जाते. पुढील तपासण्यांसाठी साताऱ्यास क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, तर सांगलीस पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि १९६२ मध्ये स्थापन झालेले मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

दुखणाऱ्या पायाची काळजी प्रत्येक जण घेतो. बधिर पाय मात्र तक्रार करीत नाही, म्हणून तो दुर्लक्षित राहतो. रोज रात्री दोन्ही तळपाय उजेडात नीट पाहणे, अनवाणी न चालणे, तंबाखूला दूर ठेवणे आणि शेक घेण्यापूर्वी कारण शोधणे एवढी दक्षता प्रत्येक कुटुंबाने बाळगली, तर अनेकांचे पाय वाचतील.