गाडीला पाऊस दिसतो का?

मागच्या जुलैमधली गोष्ट. रत्नागिरीहून कोल्हापूरला परत येत होतो. साखरपा सोडलं तेव्हा सात वाजून गेले होते आणि आंबा घाट चढायला लागेपर्यंत पुरता काळोख झाला. पाऊस म्हणावा तर नव्हता, कोरडं म्हणावं तर तेही नाही. घाटात त्या दिवसांत असतं तसं ढगच रस्त्यावर उतरलेले आणि काचेवर बारीक तुषार साचत चाललेले. गाडी मी चालवत होते. वायपर ‘ऑटो’वर होता आणि स्वस्थ पडून होता. समोरून ट्रक आला की त्याच्या हेडलाइटचा काचेवर पांढरा भडका उडायचा, रस्त्याची कड दिसेनाशी व्हायची आणि मी मनात म्हणायचे, “अरे, फिर ना बाबा!” तो फिरायचा, पण ट्रक निघून गेल्यावर. पुढे एका वळणावर डोंगरावरून येणारी पाण्याची धार काचेवर आदळली, तेव्हा मात्र असा सपासप फिरला की मीच दचकले. नंतर काच कोरडी झाली तरी रबर घासत त्याचं कर्रकर्र चालूच.

“अगं, हाताने लाव ना,” शेजारून नवरा म्हणाला.

हातानेच लावायचा होता तर वरच्या मॉडेलचे पैसे कशाला मोजले? गाडी घेताना ‘पाऊस आला की वायपर आपोआप लागतो, आई, तुला बघायलाही नको,’ असं मुलाने पटवलं होतं. दोन पावसाळे झाले, मला सारखं बघावंच लागतं आहे. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर तुम्हीही कधीतरी त्या वायपरशी भांडला असाल.

एखादं यंत्र विचित्र वागायला लागलं की ते नेमकं काय मोजतं, हे आधी विचारायची आम्हा डॉक्टरांना सवय असते. या वायपरचा सेन्सर आतल्या आरशाच्या मागे, काचेला आतून चिकटवलेला असतो. त्या छोट्या डबीतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश साधारण ४५ अंशांच्या कोनात काचेत सोडला जातो. काचेच्या बाहेर हवा असेल, तर ४२ अंशांपेक्षा तिरका आलेला प्रकाश बाहेर पडूच शकत नाही. तो आतल्या आत परावर्तित होतो आणि डबीतल्या दुसऱ्या टोकाला पोहोचतो. आता तिथे पाण्याचा थेंब बसला, की हीच मर्यादा सुमारे ६२ अंशांवर जाते. म्हणजे ४५ अंशांनी आलेला प्रकाश थेंबातून बाहेर निसटतो. परत येणारा प्रकाश कमी झाला की गाडीचा संगणक म्हणतो, काच ओली आहे, वायपर फिरवा. भराभर कमी होत असेल तर जोरात फिरवा. शाळेत शिकलेलं पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच.

थोडक्यात, गाडीला पाऊस दिसत नाही. परत येणारा प्रकाश किती घटला एवढंच तिला कळतं, आणि तेही आरशामागच्या दोन-तीन बोटं रुंद जागेपुरतं. हे एकदा लक्षात आलं की वायपरचे बरेचसे चाळे उलगडतात. धुक्याचे तुषार इतके बारीक असतात की एकेका थेंबाखालून फारच थोडा प्रकाश निसटतो. तुमच्या नजरेसमोर काच आंधळी झालेली असते आणि सेन्सरच्या लेखी अजून काही विशेष घडलेलं नसतं. उलट त्या नेमक्या जागेवर एखादा किडा चिरडला, पक्ष्याने प्रसाद टाकला किंवा ट्रकने लाल चिखल उडवला, की उन्हातही वायपर फिरत राहतो आणि तो चिखल काचेवर घासून ओरखडे पाडतो. वायपरचं रबर जुनं झालं असेल तर आणखी मजा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात रबर कडक होतं. असा वायपर पाणी पुसत नाही, नुसतं पसरवतो. पसरलेलं पाणी सेन्सरला दिसतं, म्हणून तो पुन्हा वायपर फिरवतो, वायपर पुन्हा पाणी पसरवतो. सेन्सर बिघडला म्हणून वर्कशॉपमध्ये आलेल्या गाडीला कधी कधी नुसतं नवीन रबर लागतं. गाडी धुताना काचेवर पाणी झटकणारं पॉलिश लावून घेतलं तरी थेंबांचा आकार बदलतो आणि सेन्सरचे अंदाज चुकायला लागतात.

काच आतून धुरकटली असेल तर सेन्सर काही करू शकत नाही, वायपर कितीही फिरवला तरी उपयोग नाही. तिथे एसीची हवा काचेवर सोडावी लागते. पण एसी फार थंड ठेवला तर दमट हवेतलं पाणी काचेच्या बाहेरच्या बाजूला जमतं. ते वायपरने जातं आणि मिनिटभरात परत येतं. तेव्हा एसीच थोडा कमी करायचा.

माझ्या गाडीचं एक वेगळंच निघालं. महामार्गावर खडी लागून पुढची काच तडकली. ती एका दुकानात बदलून घेतली आणि त्या दिवसापासून निरभ्र आकाशाखाली वायपर मनाला येईल तेव्हा एक फेरी मारू लागला. सेन्सर आणि काच यांच्यामध्ये एक पारदर्शक, जेलीसारखी चकती असते. हवेची फट राहू नये म्हणून ती लागते. सोनोग्राफी करताना पोटावर जेल लावतात, त्याचं कारणही हेच. दुकानातल्या पोराने जुनीच चकती परत बसवली होती आणि तिच्यात हवेचे बुडबुडे राहिले होते. “मॅडम, त्याने काय होतंय?” असं तो म्हणाला. नवी चकती बसवल्यावर वायपर शहाणा झाला. काच बदलली तर ही चकती नवी घातली का, हे विचाराच.

आणखी एक सूचना, जरा गंभीर. सोसायटीत सकाळी गाड्या पुसणारा मुलगा काचेवर ओलं फडकं फिरवत असताना तुम्ही गाडी सुरू केलीत आणि वायपर ऑटोवर असला, तर त्याच्या बोटांवर वायपर येतो. गाडी बंद करताना ऑटोही बंद करायची सवय लावून घ्यावी.

वायपरच्या दांडीवर एक छोटी चकती असते, ती अनेकांना वेग बदलण्यासाठी आहे असं वाटतं. ऑटोवर असताना ती वेग नाही, संवेदनशीलता बदलते. किती प्रकाश घटला की फिरायचं, ते ठरवते. आमच्या तपासण्यांचंही असंच असतं. सीमारेषा खाली आणली तर निरोगी माणसंही आजारी ठरतात, वर नेली तर आजारी माणसं सुटतात. दोन्ही चुका एकदम शून्य करणारी जागा त्या चकतीवर नसते.

पण यंत्र अगदी बरोबर चालत असतानाही चुकीचं सांगू शकतं, आणि ते जास्त धोक्याचं. काही वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये एका तरुण मुलीला आमच्या अपघात विभागात आणलं. बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली होती. डोकं दुखत होतं, बोलणं असंबद्ध. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९९ दाखवत होता, म्हणून ड्युटीवरच्या इंटर्नने ऑक्सिजन नॉर्मल असं लिहून टाकलं. मीही तो आकडा पाहून पुढे सरकले होते. आमच्या सिस्टरनी तिच्या आईला विचारलं, “मावशी, घरी गिझर गॅसचा आहे का?” होता, आणि तोही बंद बाथरूममध्येच.

ऑक्सिमीटरसुद्धा प्रकाशच मोजतो. ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा अवरक्त, असे दोन प्रकाश बोटातून आरपार किती येतात, त्यावरून तो आकडा काढतो. कार्बन मोनॉक्साइड वायू हिमोग्लोबिनला चिकटला की त्याचा रंग लाल प्रकाशात ऑक्सिजनवाल्या रक्तासारखाच दिसतो. यंत्राने पाहायचं ते नीट पाहिलं होतं. मुलगी गुदमरते आहे का, हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. जास्त दाबाने ऑक्सिजन सुरू केला आणि ती वाचली. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. हे दर हिवाळ्यात सांगावं लागतं.

घाटातल्या वायपरचं दुखणं त्याच जातीचं आहे. तो काचेवरचं पाणी मोजतो. मला हवं असतं ते वेगळंच: मला रस्ता दिसतो आहे का? दिवसा दहा थेंबांनी काही बिघडत नाही. रात्री समोरून हेडलाइट येतो तेव्हा तीन थेंब पुरतात. काही गाड्यांत अंधार पडला की सेन्सर आपोआप जास्त हळवा होतो, पण माझे डोळे त्याला कुठून कळणार?

यात डोळ्यांचा संबंध जुना आहे. अमेरिकेतल्या मेरी अँडरसन यांनी १९०३ मध्ये आतून हाताने फिरवायच्या वायपरचं पेटंट घेतलं. पुढे मोटर आली, तरी वायपर सारखा फिरायचा किंवा बंद असायचा. थांबून थांबून फिरणारा वायपर १९६० च्या दशकात डेट्रॉइटचे अभियंते रॉबर्ट कर्न्स यांनी बनवला. १९५३ मध्ये लग्नाच्या रात्री शॅम्पेनचं बूच उडून त्यांच्या डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली होती. वायपर पापणीसारखा का नसावा, हा विचार त्यांना सुचला. पापणी काही सारखी हलत नाही. लवते, थांबते, पुन्हा लवते. (पुढे या शोधासाठी ते फोर्ड आणि क्रायस्लर या कंपन्यांशी वर्षानुवर्षं कोर्टात भांडले आणि जिंकले.) पापणी मिनिटाला साधारण पंधरा वेळा लवते. बुबुळावरचा अश्रूंचा थर सुकायला लागला की तिथल्या मज्जातंतूंना ते कळतं. वायपरच्या अगदी उलट. ओलं झालं म्हणून नाही, कोरडं झालं म्हणून. आणि पुसणारी पापणी व पाहणारी नजर एकाच मेंदूच्या ताब्यात असतात, त्यामुळे महत्त्वाचं काही पाहताना आपण पापणी रोखूनही धरतो. मोबाइल बघत बसल्यावर डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच.

आता माझी फजिती. ऑगस्टमध्ये त्याच घाटातून पुन्हा रात्री आलो. तसेच तुषार, तोच वायपर, पण या वेळी नवरा चालवत होता. ट्रक आला, काच पांढरी झाली आणि मी ओरडले, “अहो, वायपर!” तो शांतपणे म्हणाला, “दिसतंय की मला. काय झालं?” पुढच्या दोन-तीन ट्रकांनाही तसंच. त्याला रस्ता दिसत होता, मला नव्हता.

घरी आल्यावर पुढची काच मी आतून स्वच्छ पुसली. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून उडणाऱ्या वाफेचा एक तेलकट थर आतून बसतो आणि त्यानेही प्रकाश फाकतो. थोडा फरक पडला, पण कोरड्या रात्रीही समोरच्या दिव्यांभोवती पिसारा फुललेला राहिलाच. मग आमच्याच रुग्णालयातल्या नेत्रविभागात गेले. तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ वाचता आली, म्हणून मी जरा ऐटीत होते. बाहुली मोठी करायचं औषध घालून सहकाऱ्याने तपासलं आणि सांगितलं, “मॅडम, मोतीबिंदू आहे. भिंगाच्या मागच्या थरात. उजव्या डोळ्यात जास्त.” या जागेवरचा मोतीबिंदू तक्ता वाचताना फारसा अडत नाही, पण समोरून झगझगीत दिवा आला की भिंगातच प्रकाश विखुरतो. काचेवरच्या तुषारांनी एकदा विखुरलेला प्रकाश माझ्या डोळ्यात पुन्हा विखुरत होता. पहिलं वायपरने पुसलं जातं. दुसऱ्यासाठी मी दोन पावसाळे वायपरलाच शिव्या घालत होते. रुग्णांना हे मी कितीदा विचारलं असेन, स्वतःला एकदाही विचारलं नाही.

पन्नाशीच्या पुढे रात्री समोरचे दिवे सहन होईनासे झाले, तर नुसता चष्म्याचा नंबर तपासून थांबू नका. बाहुली मोठी करून भिंग बघून घ्या. मधुमेह असेल किंवा दमा, संधिवात यांसाठी बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील तर हे आधीही होऊ शकतं. रात्रीच्या ड्रायव्हिंगसाठी म्हणून मिळणारे पिवळ्या काचांचे चष्मे डोळ्यांत येणारा प्रकाशच कमी करतात, ते घेऊ नका.

शस्त्रक्रियेची तारीख मे महिन्यातली घेतली आहे. तोवर रात्रीचा घाट नवराच चालवतो. वायपर ऑटोवर असतो. शेजारी बसून मी ती संवेदनशीलतेची चकती एक घर पुढे सरकवते आणि तो ती परत मागे घेतो.