हप्ता थांबला, व्याज नाही

करोनामुळे २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली. आठवडी बाजार बंद झाले आणि गावाकडच्या घरांत येणारा रोजचा पैसा आटला. शिल्लक संपली की शेळी विकायची, मग सोने तारण, शेवटी सावकार. अनेक घरे याच वाटेने गेली.

रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्टचे कर्जहप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, पण व्याज चढतच राहिले. जनधन खातेदार महिलांना तीन महिने दरमहा ५०० रुपये, रेशनवर माणशी ५ किलो मोफत धान्य आणि रोजगार हमीची महाराष्ट्रातली रोजची मजुरी २०६ वरून २३८ रुपये. आधार होता, पण तोकडा.

बचत गटांच्या बैठका थांबल्या, हे नुकसान मला सर्वांत मोठे वाटते. अडीनडीचे कर्ज तिथेच मिळे आणि घरात न बोलता येणारे बायकांना तिथेच बोलता येई. बोलायला जागा नसली, की कर्जाच्या घोराने झोप उडते, जेवण जात नाही, चिडचिड वाढते. त्यावर उपचार आहेत.

‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतूनही, चोवीस तास, मोफत बोलता येते. हा क्रमांक घरात ठळक लिहून ठेवा आणि शेजारीही सांगा.