प्रकाशालाही मागे टाकणारा झोत?

सोमाटणे फाट्यावरून चाकणमार्गे नारायणगावला गेलात, तर तिथून जवळच खोडदला मोठमोठ्या अँटेना दिसतील. हीच आपली जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ही रेडिओ दुर्बीण प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिली.

आता क्वेसारकडे वळू. क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचं अतितेजस्वी केंद्र. तिथे महाकाय कृष्णविवर असतं. काही क्वेसारांमधून कणांचे दोन झोत विरुद्ध दिशांना सुटतात. त्यातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी सोडतात.

२००८ साली अवकाशात गेलेल्या फर्मी दुर्बिणीला असे शेकडो क्वेसार गॅमा किरणांत चमकताना दिसले. पण हे किरण झोताच्या नेमक्या कुठल्या भागातून येतात, एवढा बारकावा तिला दिसत नाही. तो रेडिओत दिसतो. अँटेनांमधलं अंतर जितकं जास्त, तितका तपशील बारीक. जीएमआरटीचा पसारा सुमारे २५ किलोमीटर. तिला झोताचा दूरवर पसरलेला भाग चांगला दिसतो. झोताचं मूळ पाहायचं तर हजारो किलोमीटर अंतरावरच्या अँटेना एकत्र वापराव्या लागतात.

अशा निरीक्षणांतून १९७१ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. ‘३सी २७९’ या क्वेसारच्या झोतातले ठिपके प्रकाशापेक्षा वेगाने सरकताना दिसले! मग आइन्स्टाइन चुकले का? नाही. हिशेब करून बघू.

समजा, एक ठिपका प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने, आपल्या दृष्टिरेषेशी ८ अंशांचा कोन करून येतोय. १०० वर्षांत तो आपल्याकडे ९८ प्रकाशवर्षं पुढे येतो आणि बाजूला सुमारे १४ प्रकाशवर्षं सरकतो. म्हणजे शेवटी निघालेल्या प्रकाशाला ९८ प्रकाशवर्षं कमी चालावं लागतं. तो पहिल्या प्रकाशानंतर फक्त २ वर्षांनी पोचतो. आपल्याला वाटतं, २ वर्षांत १४ प्रकाशवर्षं गेला. सातपट वेग!

असा झोत आपल्याकडे रोखलेला असला की त्याचा प्रकाशही आपल्या दिशेने एकवटतो आणि कैकपट प्रखर दिसतो. म्हणूनच गॅमा किरणांत तेजस्वी असलेल्या क्वेसारांचे ठिपके रेडिओत सरासरीने जास्त वेगवान दिसतात. तेव्हा फर्मीची यादी वाचताना एक ध्यानात ठेवा: हे आपल्याकडे तोंड केलेले क्वेसार आहेत. तसेच, पण भलतीकडे तोंड असलेले, कितीतरी जास्त असणार.