ओरिएंटिअरिंग

ओरिएंटिअरिंग : नकाशा व होकायंत्र यांच्या साहाय्याने अपरिचित भूप्रदेशातील ठरावीक स्थाने ठरावीक क्रमाने शोधून कमीत कमी वेळात अंतिम स्थानी पोहोचण्याचा मैदानी क्रीडाप्रकार. दोन स्थानांमधील वाट खेळाडूने स्वतः निवडावयाची असते. त्यामुळे नवशिक्याच्या बाबतीत धावण्याच्या वेगापेक्षा स्वतःचे स्थान अचूक ओळखण्याला अधिक महत्त्व असते.

इतिहास : या खेळाचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कँडिनेव्हियातील लष्करी शिक्षणात झाला. नागरिकांसाठी पहिली सार्वजनिक स्पर्धा ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेमध्ये ऑस्लोजवळ झाली. एर्न्स्ट किलांडर या स्वीडिश लष्करी अधिकाऱ्याने १९१९ मध्ये स्टॉकहोमजवळ भरविलेल्या स्पर्धेपासून खेळास आधुनिक रूप आले. आंतरराष्ट्रीय महासंघ १९६१ मध्ये कोपनहेगन येथे स्थापन झाला व पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९६६ मध्ये फिनलंडमध्ये झाली. भारतात नकाशावाचन व होकायंत्राचा वापर हे विषय राष्ट्रीय छात्रसेनेच्या प्रशिक्षणात अंतर्भूत आहेत.

नकाशा : स्पर्धेचा नकाशा सामान्यतः १ : १५,००० किंवा १ : १०,००० प्रमाणाचा असतो. त्यात भूरूपे तपकिरी, पाणी निळ्या, तर खडक व मानवनिर्मित वस्तू काळ्या रंगाने दाखवितात. पांढरा रंग म्हणजे मोकळी जमीन नव्हे, तर सहज धावता येईल असे वन. मोकळी जमीन पिवळी व दाट झाडोरा हिरवा असतो. त्रिकोण हे प्रारंभस्थान, वर्तुळ हे शोधावयाचे स्थान व दुहेरी वर्तुळ हे अंतिम स्थान होय. प्रत्यक्ष जागी नारिंगी व पांढऱ्या रंगांचे निशाण लावलेले असते.

असा खास नकाशा नसेल तेथे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर प्राथमिक सराव करता येतो. त्यात २ सेंमी. म्हणजे १ किमी. होय. जुन्या क्रमांकपद्धतीतील ४७ एफ/१ या एकाच पत्रात पनवेल, कर्नाळा व प्रबळगड हे तिन्ही येत असल्याने पनवेलचा (जि. रायगड) परिसर सरावास सोयीचा आहे. मात्र नकाशाचे सर्वेक्षणवर्ष प्रथम पाहावे. नवी मुंबई विमानतळाच्या उभारणीसाठी पनवेलजवळील उलवे टेकडी कापण्यात आली व उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. जुन्या नकाशातील रस्ते व वस्त्याच नव्हेत, तर समोच्चरेषाही कालबाह्य ठरू शकतात, हे यावरून दिसते.

होकायंत्र : चुंबकीय उत्तर व भौगोलिक उत्तर यांमधील कोनास चुंबकीय दिक्‌पात म्हणतात. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय नवी पनवेल येथे असून जिल्ह्यातील अलिबाग येथे १९०४ पासून भूचुंबकीय निरीक्षणे घेतली जात आहेत. या भागात दिक्‌पात एक अंशाहूनही कमी असल्याने नवशिक्याने तो विचारात न घेतला तरी चालते. स्थानिक विक्षेप मात्र दुर्लक्षिण्याजोगा नसतो. सह्याद्रीच्या बेसाल्ट खडकात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. वीज पडलेल्या माथ्यावरील खडकाजवळ सुई बरीच ढळू शकते. लोखंडी कठडा, वाहन व भ्रमणध्वनी यांपासूनही होकायंत्र दूर धरावे.

अध्ययनक्रम : पहिला पाठ नकाशा प्रदेशाशी जुळविण्याचा होय. नकाशातील उत्तर प्रत्यक्ष उत्तरेकडे येईल असा नकाशा फिरवावा, आपल्या स्थानावर अंगठा ठेवावा आणि चालताना अंगठा पुढे सरकवीत जावा. शंभर मीटरांत आपली किती पावले पडतात, हे सपाटीवर व चढावर निरनिराळे मोजून ठेवावे.

दुसरा पाठ स्थाननिश्चितीचा. पनवेलहून स्वच्छ हवेत दक्षिणेस कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका व पूर्वेस प्रबळगडाशेजारील कलावंतीण शिखर दिसते. दोहोंचे दिशाकोन घेऊन नकाशावर त्या त्या शिखरापासून उलट दिशेने रेषा काढल्यास त्या आपल्या स्थानी छेदतात. रेषा जवळजवळ काटकोनात छेदत असल्याने निष्कर्ष चांगला मिळतो. तरीही ही शिखरे सु. १० ते १२ किमी. दूर असल्याने कोनातील दोन अंशांची चूक स्थानात सु. ४०० मी. फरक पाडते. म्हणून अंतिम निर्णय जवळचा ओढा, वळण किंवा टेकाड पाहूनच करावा.

तिसरा पाठ वाट निवडण्याचा. सरळ रेषेपेक्षा पायवाट, ओढा, डोंगरसोंड यांच्या आधाराने जाणे नवशिक्यास हितावह असते. ओढ्याकाठचे स्थान गाठताना नेम मुद्दाम एका बाजूस धरावा. ओढा लागताच कोणीकडे वळावयाचे हे मग निश्चित असते. नेमके स्थानाकडेच निघाल्यास ५०० मी. अंतरात पाच अंशांच्या चुकीने सु. ४४ मी. फरक पडतो आणि स्थान डावीकडे राहिले की उजवीकडे, हे कळत नाही.

दक्षता : वाट चुकल्याची शंका येताच थांबावे व खात्रीने ओळखलेल्या शेवटच्या स्थानी परतावे. पुढे जात राहिल्यास चूक वाढत जाते. वाट चुकल्यास ओढ्याने खाली उतरावे, हा प्रचलित सल्ला सह्याद्रीत घातक ठरतो. लाव्ह्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या थरांमुळे येथील ओढे कड्यांवरून कोसळतात. १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशात लगतच्या समोच्चरेषांमधील अंतर सामान्यतः २० मी. असते. त्यामुळे १५ मी. उंचीचा कडा दोन रेषांमध्ये लपू शकतो. पावसाळ्यात धुके व त्यानंतर वाढलेले गवत आणि कारवी वाटा झाकून टाकतात. म्हणून प्रारंभीचा सराव हिवाळ्यात व जोडीने करावा. कर्नाळा अभयारण्यात आखलेल्या वाटा सोडू नयेत. भ्रमणध्वनीवरील उपग्रहीय स्थाननिश्चिती संकटकाळी उपयोगी पडते. पण ती केवळ स्थान सांगते, समोरचा उतार उतरण्याजोगा आहे की नाही हे सांगत नाही. तो निर्णय नकाशा व भूमी यांचा मेळ घालून स्वतःच करावा लागतो, आणि तेच या खेळाचे मुख्य शिक्षण होय.