हलक्या पाण्यात मलावीचे मासे

राधानगरीत अंघोळ करताना अंगावरचा साबण लवकर सुटत नाही. तीच वडी घेऊन शिरोळ-हातकणंगल्याकडच्या एखाद्या बोअरवेलवर जा, हात दुखेपर्यंत घासली तरी धड फेस येत नाही. एरवी ही गोष्ट फार तर धुणं धुणाऱ्याच्या लक्षात राहील. घरात सिक्लिड मासे पाळणाऱ्याला मात्र या फेसातच त्याच्या टँकचं भविष्य दिसतं.

आमचं पाणी असं हलकं का, याचं उत्तर इथल्या डोंगरांत आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरची पठारं जांभ्याची आहेत, आणि दुर्गमानवाडच्या बाजूला बॉक्साइटच्या खाणी आहेत. पावसानं लाखो वर्षं खडक धुऊन त्यातला चुना, मॅग्नेशियम, सिलिका वाहून नेली, की मागं जे उरतं तो बॉक्साइट. म्हणजे पाण्यात विरघळण्यासारखं जे होतं ते या डोंगरांनी कधीच देऊन टाकलंय. दाजीपूरच्या जंगलावर पडणारा पाऊस भोगावतीतून शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणात, म्हणजे आमच्या लक्ष्मी तलावात येतो, तो जवळजवळ ढगातून उतरला तसाच. माणसाला प्यायला याहून गोड पाणी मिळणार नाही.

आणि कोल्हापूरच्या दुकानातून लोक हौसेनं आणतात ते मासे मलावी सरोवराचे. पूर्व आफ्रिकेतलं हे सरोवर जुनं आणि खोल. त्याचं पाणी जड आणि अल्कधर्मी, सामू (पीएच) ७.८ ते ८.६ च्या दरम्यान. एकट्या या सरोवरात सिक्लिडांच्या सातशेहून जास्त जाती आहेत, आणि त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठंही नाहीत. दुकानदार त्यांना सरसकट ‘आफ्रिकन’ म्हणतो. पिवळाजर्द ‘इलेक्ट्रिक यलो’, निळ्या-काळ्या पट्ट्यांचा ‘झेब्रा’. ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत घालून ५०-५५ किलोमीटरचा प्रवास करून हे मासे राधानगरीला पोचतात, तेव्हा त्यांच्यासाठी बदललेला असतो तो गाव नव्हे, पाणी.

माझा टँक चार फुटी आहे. दीड फूट रुंद, दीड फूट उंच, साधारण अडीचशे लिटरचा. काच, वाळू, दगड आणि पाणी मिळून वजन तीनशे किलोच्या वर जातं, म्हणून तो लोखंडी स्टँडवर, भिंतीला धरून. आत दगडांचा ढीग रचलाय, कारण या माशांना दगडांच्या कपारी लागतात. घर नसलेला नर दिवसभर मार खातो. दगड मात्र वाळूवर ठेवायचे नाहीत, तळाच्या काचेवर थर्माकोलचा पातळ तुकडा घालून त्यावर ठेवायचे आणि मग भोवती वाळू ओतायची. सिक्लिड खोदकामात पटाईत. वाळूवर ठेवलेल्या दगडाखालची वाळू तो एका रात्रीत उपसतो, आणि सकाळी दगड काचेवर कललेला सापडतो.

दगड निवडतानाही पाण्याचाच विचार करावा लागतो. नदीतला काळा पाषाण आणि अंगणातला जांभा दिसायला छान, पण ते पाण्याला काही देत नाहीत. उपयोगाचा दगड ओळखायची खूण सोपी आहे: त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येऊन फसफसला, तर त्यात चुना आहे. आमच्याकडे असा दगड औषधालाही मिळत नाही. मग फोंडा घाट उतरून मालवणकडं जाणाऱ्या कुणाला तरी शिंपल्या आणायला सांगायच्या. त्या उकळून, वाळवून, खलबत्त्यात जाडसर कुटायच्या आणि जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये, पाणी ज्या वाटेनं जातं तिथंच ठेवायच्या. शिंपल्यांचं बरं असं, की पाणी आम्लाकडे झुकलं की त्या जास्त विरघळतात आणि सामू वर गेला की आपोआप थांबतात. जास्त झालं म्हणून बिघडलं, असं होत नाही.

पण शिंपल्यांचं काम सावकाशीचं. पाणी बदलताना हातासरशी लागतो तो खाण्याचा सोडा. शंभर लिटर पाण्यात सहा ग्रॅम सोडा घातला, की कार्बोनेटचा क्षार साधारण दोन अंशांनी चढतो. आफ्रिकन माशांना तो आठ अंशांच्या आसपास हवा. आमच्या नळाच्या पाण्यात टेस्ट किटचा एखाददुसरा थेंब टाकताच रंग पालटतो. क्षार जेमतेम आहे, असा त्याचा अर्थ.

हा क्षार एवढा का महत्त्वाचा? मासे पाळणारे बहुतेक जण सामूच्या आकड्याकडं बघत बसतात. माझ्या मते सामू हा नुसता काटा. सामू धरून ठेवणारा क्षार ही खरी शिल्लक. मासा श्वासावाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढणारे जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन विषं, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी. नव्या टँकमध्ये ही जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढा धीर नसल्यामुळं नव्या टँकमधले मासे मरतात, हे आता बहुतेकांना माहीत आहे. माहीत नसतं ते पुढचं. हे जिवाणू काम करताना पाण्यातला क्षार खातात. जड पाण्यात ते कळतही नाही. आमच्या पाण्यात मुळात शिल्लकच थोडी. ती काही आठवड्यांत संपते आणि सामू घसरायला लागतो. सात, साडेसहा, सहा. सहाच्या खाली जिवाणूंचं कामच मंदावतं आणि अमोनिया साचू लागतो.

इथं निसर्ग एक चमत्कारिक खेळ करतो. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असतो आणि त्या रूपात तो माशाला फारसा बाधत नाही. म्हणजे टँक आतून सडलेला, पण मासे पोहतायत. मग मालकाला आठवण होते, बरेच दिवस पाणी बदललं नाही. तो उत्साहानं अर्ध्याहून जास्त पाणी काढतो, ताजं भरतो, आफ्रिकन माशांसाठी म्हणून वर मूठभर सोडा टाकतो. सामू सहावरून आठवर जातो. पंचवीस अंश तापमानाला सामू सहा असताना एकूण अमोनियाचा जेवढा भाग विषारी रूपात असतो, त्याच्या जवळपास शंभरपट भाग सामू आठला असतो. साचलेला साठा तासाभरात जीवघेणा होतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडतात, कल्ले लालभडक होतात, आणि संध्याकाळपर्यंत खेळ आटोपतो. दुसऱ्या दिवशी गावात ऐकू येतं, ‘पाणी बदललं आणि मासे मेले. पाणी बदलायलाच नको होतं.’ निदान नेमकं उलटं.

म्हणून माझ्याकडं रविवारचा नेम आहे. टँकमधलं चौथा हिस्सा पाणी काढायचं, जास्त नाही. सायफनचा पाइप वाळूवर फिरवत घाण ओढायची. ते पाणी परसातल्या केळीला, केळी त्याच्यावर माजल्यात. नवं पाणी आदल्या रात्रीच ड्रममध्ये भरून, त्यात एअर स्टोन सोडून ठेवलेलं असतं. सोडा त्या ड्रममध्ये विरघळवायचा, थेट टँकमध्ये कधीच नाही. दोन्हीकडचं पाणी मनगटावर घेऊन बघायचं, मग थर्मामीटरनं. फिल्टरचा स्पंज काढलेल्या जुन्या पाण्यातच दोनदा दाबून धुवायचा. नळाखाली धरला, तर क्लोरीननं जिवाणू मरतात आणि टँक पुन्हा नवा होतो.

पावसाळा ही आमची खरी परीक्षा. जुलैत लक्ष्मी तलाव भरतो, धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याच्या बातम्या येतात, आणि नळाला गढूळ पाणी येऊ लागतं. ते निवळायला तुरटी पडते, जंतू मारायला टीसीएल पावडरीचं प्रमाण वाढतं. दोन्ही गोष्टी माणसांसाठी आवश्यकच. पण तुरटी पाण्यातला उरलासुरला क्षारही खाते, आणि टीसीएलमधला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. या दिवसांत पाणी रात्रभराऐवजी पूर्ण दिवसभर हवेवर ठेवायचं. घाईच असेल तर दुकानात ‘अँटीक्लोरीन’ म्हणून सोडियम थायोसल्फेटचे खडे किंवा द्रावण मिळतं, ते चालतं.

त्यात वीज जाते. जंगलातल्या तारांवर झाड पडलं, की चार तास की चौदा तास, कुणी सांगू शकत नाही. शहरातल्या लोकांचं ऐकून इथं कुणी महागडा बंद डब्याचा फिल्टर घेऊ नये. वीज गेल्यावर त्या डब्यातलं पाणी थांबतं, ऑक्सिजन संपतो, जिवाणू गुदमरतात. वीज आली की डबा तीच कुजकी घाण टँकमध्ये ओततो. टँकच्या आत उघड्यावर बसणारे साधे स्पंज फिल्टर या गावाला योग्य. एक छोटा एअर पंप इन्व्हर्टरवर ठेवायचा. तोही बसला, तर मगनं पाणी उंचावरून टँकमध्ये ओतत राहायचं, आणि अशा दिवशी खायला काहीही घालायचं नाही. निरोगी सिक्लिड चार दिवस उपाशी राहिला तरी त्याचं काही बिघडत नाही. गारठ्यासाठी हीटर लिटरमागं एक वॅट या हिशोबानं लावायचा. पाणी २४ ते २७ अंशांत राहिलं पाहिजे. ते खाली-वर होत राहिलं की पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, ज्याला पाळणारे ‘इच’ म्हणतात, अंगावर साबुदाणा पेरल्यासारखा दिसायला लागतो.

खाण्याचं मात्र सांगून कुणी ऐकत नाही. मलावीचे दगडांतले बहुतेक मासे तिकडं दगडावरचं शेवाळ खरवडून जगतात. त्यांचं आतडं लांब, शेवाळाच्या जेवणाला सरावलेलं. इथं पाहुणे येतात आणि हौसेनं चिकनचे तुकडे टाकतात. कोल्हापुरी पाहुणचार असा माशाच्या जिवावर उठतो. आधी मासा खाणं सोडतो, मग पांढरी, धाग्यासारखी विष्ठा लोंबते, मग पोट टम्म फुगतं. ‘मलावी ब्लोट’ म्हणतात तो हाच. पोट फुगेपर्यंत थांबलात, तर औषध क्वचितच लागू पडतं. स्पिरुलिना असलेलं खाद्य, अधूनमधून उकडलेली पालकाची पानं किंवा सोललेला वाटाणा, आणि दोन मिनिटांत संपेल एवढंच.

रोग ओळखायला पुस्तकापेक्षा खाण्याची वेळ कामाला येते. रोज झाकण उघडताच काचेवर आदळणारा मासा आज मागं दगडाशी उभा आहे, पंख अंगाशी मिटलेत, मध्येच दगडाला अंग घासतोय, यातली एक जरी गोष्ट दिसली तरी आधी पाणी तपासायचं, औषधाची बाटली नंतर. एक अपवाद आहे. मादी खात नसेल, पण तिचा जबडा खाली सुटलेला, भरलेला दिसत असेल आणि ती मधूनच काहीतरी चघळल्यासारखं करत असेल, तर ती आजारी नाही. तिच्या तोंडात अंडी आहेत. सुमारे तीन आठवडे ती तशीच, जवळजवळ उपाशी राहते आणि पिलं पोहण्याजोगी झाली की बाहेर सोडते. अशा मादीला ‘रोगी’ म्हणून औषधाच्या पाण्यात टाकणारे मी बघितलेत.

एवढं सगळं केल्यावर माझं स्पष्ट मत सांगतो. राधानगरीत पहिल्यांदा सिक्लिड पाळणार असाल, तर आफ्रिकन घेऊ नका. एंजल घ्या. तोही सिक्लिडच, पण ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, पावसानं धुतलेल्या हलक्या पाण्याचा. सारख्या शिंपल्या कुटायला नकोत की सोडा मोजायला नको. एखाद्या मुठीएवढ्या शिंपल्यांवर त्याचं वर्ष निघतं. सिक्लिड आपल्यालाही अगदी परके नाहीत. घाटाखाली कोकण-गोव्याच्या खाड्यांत मिळणारं कालुंदर सिक्लिडच आहे. आणि बाजारात मिळणारी चिलापीही. फरक एवढा, की कालुंदर इथलंच आणि चिलापी माणसानं आणलेली. मोझांबिकची चिलापी भारतात १९५२ साली आली आणि ज्या तळ्यात शिरली तिथून निघाली नाही.

हे सांगायचं कारण, मासे मोठे झाले की लोकांना तलाव आठवतो. दोन इंचांचा ऑस्कर वर्षभरात फूटभराचा होतो, वास्तूसाठी आणलेला फ्लॉवरहॉर्न शेजारच्या माशाचे तुकडे करतो, आणि मग कुणीतरी ‘जीव वाचवला’ म्हणून तो भोगावतीत सोडून येतो. व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाइल पर्च सोडला गेला. पुढच्या काही दशकांत तिथल्या सिक्लिडांच्या सुमारे दोनशे जाती नाहीशा झाल्या असा अभ्यासकांचा अंदाज आहे. राधानगरीचं अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि त्या जंगलाचं पाणी ज्या ओढ्यांतून खाली येतं, त्यांत इथले स्वतःचे मासे आहेत. टँकमधला मासा नकोसा झाला तर तो दुकानदाराला परत द्या, मोठा टँक असलेल्या कुणाला द्या, पण लक्ष्मी तलावात किंवा भोगावतीत सोडू नका.