जंगलपट्ट्यातला धंदा आणि छोटी डिझेल गाडी

चंद्रपूरचा कापडवाला गादीवर बसून राहिला तर त्याचा माल फार तर मूल-सावलीपर्यंत जातो. त्यापुढचे गिऱ्हाईक जाऊन गाठावे लागते. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा 14,412 चौरस किलोमीटरचा आहे आणि त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाचा आहे. वर्षानुवर्षे या सबंध जिल्ह्यात रेल्वेचे स्थानक होते ते एकट्या वडसा (देसाईगंज) येथे. म्हणजे नागपूरच्या गांधीबागेतून चंद्रपूरला आलेली गाठ पुढे चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, अहेरी, सिरोंचा अशी जायची ती रस्त्यानेच. माल ट्रान्सपोर्टने जातो, परंतु नमुने दाखवणे, ऑर्डर घेणे आणि सर्वांत अवघड काम म्हणजे उधारीची वसुली, यासाठी व्यापाऱ्याला स्वतः जावे लागते. एस.टी.ने गेल्यास दिवसाला दोन गावे होतात. स्वतःची गाडी असेल तर पाच होतात. छोट्या गाडीचा विचार आम्ही चैनीची वस्तू म्हणून नव्हे तर या हिशेबाने करतो.

आमची गाडी 2013 ची आहे, 1.3 लिटर डिझेल इंजिनाची. 2017 साली आम्ही दोघा भावांनी ती जुनीच, रोख पैसे मोजून घेतली. आजवर तिने दोन लाख किलोमीटरचा टप्पा ओलांडला आहे. हे इंजिन मुळात इटलीच्या फियाट कंपनीचे. आपल्याकडे जानेवारी 2007 मध्ये मारुतीच्या डिझेल स्विफ्टमध्ये ते आले, पुढे टाटांनी आणि खुद्द फियाटनेही आपापल्या गाड्यांत बसवले. पुण्याजवळच्या रांजणगाव येथेही ते तयार होत असे. एकच इंजिन अनेक कंपन्यांच्या गाड्यांत असल्याचा फायदा शहरातल्यापेक्षा आमच्यासारख्या आडगावच्या माणसाला जास्त झाला. त्याचे काम न जाणणारा मेकॅनिक मिळणे कठीण, आणि सुटे भागही आडत नाहीत. कापडात जसा एखादा पन्हा सर्व दुकानांत चालतो, तसाच हा प्रकार.

त्याआधी डिसेंबर 1998 मध्ये टाटांची इंडिका आली होती. छोटी गाडी डिझेलवर चालू शकते हे बाजाराला खऱ्या अर्थाने तिने पटवले. जून 2010 मध्ये सरकारने पेट्रोलचे भाव मोकळे केले आणि डिझेलचे बांधलेलेच ठेवले, तेव्हा तर झुंबड उडाली. मे 2012 मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला 73 रुपयांवर गेले असताना डिझेल 41 च्या आत होते. असा फरक असल्यावर पेट्रोलची गाडी कोण घेणार? जानेवारी 2013 पासून डिझेल दरमहा थोडे थोडे वाढू लागले आणि ऑक्टोबर 2014 मध्ये त्याचेही भाव मोकळे झाले. एप्रिल 2020 मध्ये भारत स्टेज-6 चे नियम लागू झाले. छोट्या डिझेल इंजिनावर धूर गाळण्याची यंत्रणा चढवायची तर किंमत फार वाढते, म्हणून मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या. इतरांनीही एकेक करून हात आखडता घेतला. 2025 साली टाटांची नवी आल्ट्रोज आली तिच्यात मात्र 1.5 लिटरचे डिझेल इंजिन होते.

आता मुद्द्याचा हिशेब. पेट्रोल 104 आणि डिझेल 91 रुपये धरू. आमच्याकडच्या रस्त्यांवर, ए.सी. लावून आणि डिकीत नमुन्यांचे गठ्ठे ठेवून, डिझेल गाडी 20 चे अ‍ॅव्हरेज देते. त्याच आकाराची पेट्रोल गाडी 15 चे. किलोमीटरमागे डिझेलला 4 रुपये 55 पैसे आणि पेट्रोलला 6 रुपये 93 पैसे पडतात. फरक 2 रुपये 38 पैसे. महिन्याला 2,000 किलोमीटर फिरणाऱ्याचे वर्षाला सुमारे 57,000 रुपये वाचतात. परंतु गाडी घेताना डिझेलसाठी लाखभर रुपये जास्त मोजावे लागले असतील, तर ते भरून निघायला 42,000 किलोमीटर चालावे लागते. फिरत्या व्यापाऱ्याचे ते पावणेदोन वर्षांत होते. जो महिन्याला 500 किलोमीटरच चालवतो त्याला सात वर्षे लागतात, आणि तोवर क्लच, इंजेक्टर किंवा टर्बोचा एखादा खर्च आला की हिशेब उलटा. म्हणून घर ते दुकान एवढेच जाणे-येणे असलेल्या चंद्रपुरातल्या भावांना आम्ही स्पष्ट सांगतो, डिझेलच्या नादाला लागू नका. 2020 नंतरची डिझेल गाडी तर त्यांनी मुळीच घेऊ नये. तिच्या काजळी गाळणाऱ्या जाळीत साठलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग धावावी लागते. बाजारातल्या बाजारात फिरवली तर जाळी तुंबते, आणि ती बदलण्याचा खर्च साधा नाही.

सी.एन.जी.चा पर्याय पुष्कळजण सुचवतात. शहरात तो ठीक आहे. पण जंगलपट्ट्यात सी.एन.जी.च्या भरवशावर निघता येत नाही, शिवाय डिकीतली बरीचशी जागा सिलिंडर खातो. मग साड्यांचे नमुने काय मांडीवर घेऊन बसायचे?

चंद्रपूरहून गोंडपिपरी, आष्टी, आलापल्लीमार्गे सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या वर पडते. चाळीसेक लिटरची टाकी चंद्रपुरात भरून निघाले की जाऊन-येऊन पुरते, वाटेत कोठेही डिझेल घ्यावे लागत नाही. आमच्या मते अ‍ॅव्हरेजपेक्षाही ही मोठी सोय आहे. कारण नव्या पद्धतीची ही इंजिने जुन्या जीपसारखी काहीही पचवत नाहीत. त्यांच्या इंजेक्टरची छिद्रे केसाहून बारीक, आणि डिझेल त्यातून प्रचंड दाबाने जाते. रॉकेलची भेसळ किंवा पाण्याचे चार थेंबही त्यांना बाधतात. एका पावसाळ्यात आडरस्त्याच्या एका पंपावर टाकी भरली आणि दहा किलोमीटरवर गाडी आचके देऊ लागली. फिल्टरच्या तळाशी पाणी निघाले. मेकॅनिकने ते काढून टाकले, फिल्टर बदलला आणि काम इंजेक्टरपर्यंत गेले नाही. तेव्हापासून डिझेल फिल्टर आम्ही मुदतीआधीच बदलतो. कॅनमधले सुटे डिझेल तर कितीही अडले तरी घेत नाही.

एअर फिल्टरचेही तसेच. सूरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक रस्त्यावर आल्यापासून आष्टी-आलापल्ली भागात धूळ अशी उडते की पुस्तकात लिहिलेली मुदत तेथे कामाची नाही. या ट्रकांना मागे टाकताना 1.3 च्या चालकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन हजार फेऱ्यांच्या खाली हे इंजिन सुस्त असते, टर्बो जागा होईपर्यंत जोर लागत नाही. वरच्या गिअरात पाय दाबून भागत नाही, आधी एक गिअर खाली घ्यावा, मगच बाहेर निघावे. आणि लांबून आल्यावर लगेच चावी फिरवू नये. मिनिटभर इंजिन तसेच चालू द्यावे, तापलेल्या टर्बोला तेवढ्यात तेल मिळते. मे महिन्यात, पारा 47-48 अंशांवर असताना, हे विशेष पाळावे.

पावसाळ्याचे वेगळे सांगायला हवे. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटते हे सर्वांना ठाऊक आहे, पण लहानसहान नालेही तासाभरात चढतात. डिझेल गाडीला प्लग नसतात, म्हणून ती पाण्यातून निघते, असा एक समज आमच्या लाईनीत आहे. तो घातक आहे. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरात शिरले तर हवेसारखे ते दाबले जात नाही, आणि डिझेल इंजिनात दाब मुळातच जास्त असल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चावी मारून पाहणे म्हणजे इंजिन हाताने फोडणे होय. ढकलून बाहेर काढावी आणि मेकॅनिकला बोलवावे. नाल्यावरून पाणी वाहत असेल तर आम्ही अलीकडच्या गावात मुक्काम करतो. वसुली दुसऱ्या दिवशीही होते.

रात्रीच्या प्रवासाबद्दल आमचा नियम साधा आहे, दिवस मावळल्यावर मूलच्या रस्त्याला लागायचे नाही. ताडोबाच्या आसपासच्या या पट्ट्यात रानडुक्कर, चितळ केव्हा आडवे येईल याचा नेम नसतो. छोट्या गाडीला रानडुकराची धडक म्हणजे रेडिएटर गेलाच.

आता प्रश्न उरतो जुन्या गाडीचे काय करायचे. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर आलेली बंदी आपल्याकडे लागू नाही, तरीही तिच्या धाकाने लोक इकडेही चांगल्या गाड्या कवडीमोलाने विकतात. आपल्याकडे 15 वर्षे पूर्ण झाल्यावर तपासणी करून पाच वर्षांसाठी फेरनोंदणी होते. एप्रिल 2022 पासून त्याची फी 600 वरून 5,000 रुपये झाली आहे, आणि हरित कर वेगळा. आमच्या गाडीची पाळी 2028 मध्ये येईल. इंजिनाचा आवाज आज जसा आहे तसाच राहिला, तर ते पैसे भरून आणखी पाच वर्षे सिरोंचाची फेरी तिच्यावरच करायची, असे आम्हा भावांचे ठरले आहे.