अंगणात वावळ लावावा का?

गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर आमच्या गटाच्या बैठकीत एक कागद फिरला. एका रोपवाटिकेची रोपांची यादी होती. त्यात एका झाडाचा रंगीत फोटो आणि खाली नाव, ‘इंडियन एल्म’. लवकर वाढणारं, दाट सावलीचं, घरासमोर शोभून दिसणारं. बहुतेकींना ते आवडलं. घरटी एक रोप घ्यायचं, पैसे गटाच्या खात्यातून द्यायचे, इथवर बोलणं आलं. तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात वयस्क आजींनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, “अगं, हा तर वावळा! माझ्या माहेरी ओढ्याकाठी होता. त्याच्या बिया खात आम्ही शेळ्या राखायचो.”

झालं, बैठक तिथंच थांबली. विकत घ्यायला निघालो ते झाड शेजारच्या गावाच्या ओढ्यावर उभं होतं, आणि नाव इंग्रजी म्हणून आम्ही भुललो होतो.

तर आधी ओळख. थंड मुलखात एल्म नावाची झाडं असतात. युरोप-अमेरिकेत बुरशीच्या एका रोगानं ती कोट्यवधींनी वाळली. खोडकिडे हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. आपला वावळ त्यांच्याच कुळातला, पण वेगळा. हिंदीत त्याला चिलबिल म्हणतात, आयुर्वेदात चिरबिल्व. साल राखाडी, जुन्या खोडावर पापुद्रे सुटणारी. मोठ्या झाडाच्या पानाची कड सरळ असते, दाते नसतात. पान चुरगाळलं की उग्र वास येतो. फळ म्हणजे रुपयाएवढी चपटी, पापडासारखी चकती आणि मध्ये एक बी. वारा आला की या चकत्या गावभर उडतात. लहानपणी तुम्हीही त्या सोलून खाल्ल्या असतील.

आता खरा प्रश्न. हे झाड आपल्या जिल्ह्यात, आपल्या दारात चालेल का?

पाण्याचं म्हणाल तर चालेल. अकोल्यात घाटघर, रतनवाडीकडे पाऊस कोसळतो, पण पारनेर, कर्जत, जामखेडकडे आपण पर्जन्यछायेत राहतो. तिथं पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी घातलं की वावळ पुढं स्वतःच्या बळावर तग धरतो. मुरमाड जमिनीतही येतो. पाणी साचणारी चोपण जागा मात्र टाळावी. पाला शेळ्या खातात आणि फांदी छाटली तर पुन्हा फुटवा येतो.

जागेचं गणित मात्र जुळत नाही. पन्नास-साठ फूट उंच जाणारं झाड आहे हे. आपल्यापैकी किती जणींच्या अंगणात एवढी जागा आहे? घरकुलाच्या भिंतीपासून कंपाउंडपर्यंत दहा-बारा फूट, त्यातच शौचालयाची टाकी, वरून विजेची तार. आमच्यातल्या एकीनं पूर्वी भिंतीला खेटून दुसरंच एक मोठं झाड लावलं होतं. ओट्याला तडा गेला, मग झाड तोडलं, तोडणावळ वेगळी. दहा वर्षं वाढवलेलं झाड तोडायचं दुःख आम्ही पाहिलंय. म्हणून सांगतो, एवढ्या मोठ्या झाडासाठी घरापासून निदान पंचवीस-तीस फूट जागा धरा. विहिरीच्या कठड्यापासूनही लांबच बरं.

आणि आता परागकण. या मुद्द्यावर आम्ही बराच वेळ बसलो. वावळाला पाकळ्यांची फुलं नसतात. जानेवारी-फेब्रुवारीत पानगळ झालेल्या फांद्यांवर बारीक हिरवट फुलोरा येतो आणि पराग वाऱ्यावर उडतो. लक्षातही येत नाही. पण या परागाची अ‍ॅलर्जी होते. उत्तर भारतात तो शिंका, सर्दी आणि दमा वाढवणारा पराग म्हणून डॉक्टरांच्या चांगला ओळखीचा आहे. आमच्या गटात एकीच्या मुलाला दमा आहे. हिवाळ्यात ती रात्र-रात्र त्याला उठवून बसवते. फोटो बघून रोप घेतलं असतं तर तिच्या खिडकीखालीच ते वाढवून बसलो असतो. एखाद्याला दमा असेल तर वावळामुळेच असं म्हणू नका. धूळ, चुलीचा धूर, कडाका, कारणं बरीच असतात. पण घरात दमेकरी असेल तर वाऱ्यानं पराग उडवणारं झाड दारात नकोच. आधीच उभं असेल तर लगेच कुऱ्हाड लावू नका. फुलोऱ्याच्या दिवसांत कपडे झाडाखाली वाळत घालू नका, तिकडची खिडकी लावून घ्या आणि त्रास वाढला तर डॉक्टरांना दाखवा. सालीचे आणि पाल्याचे घरगुती काढे कुणी सांगितले म्हणून करू नका.

मग आम्ही काय ठरवलं? दारात आलटूनपालटून ज्याची त्याची सोय. दहा फुटांत सीताफळ किंवा शेवगा, थोडी जागा असेल तर कडुनिंब. गुलमोहर शोभतो, पण फांद्या ठिसूळ, वादळात छपरावर पडतात, म्हणून तो लांब. वावळ गावाच्या ओढ्याकाठी आणि गायरानाच्या कडेला लावायचा. तिथं चराईबंदी पाळली तरच तो वाढेल. हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धीनं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी करून झाडं उभी केली, ते तर आपल्याच जिल्ह्यात घडलं.

रोपांचे पैसे वाचलेच. आजींनी सांगितल्याप्रमाणे एप्रिल-मेमध्ये झाडाखाली चकत्या झाडून पोत्यात भरल्या. एक काळजी घ्या, हे बी फार दिवस ठेवलं तर उगवत नाही. ताजं असतानाच माती, रेती आणि शेणखत भरलेल्या पिशव्यांत वरवर दाबून पेरा, खोल नको. आमच्या पिशव्या समाजमंदिराच्या मागं सावलीत ठेवल्या होत्या. पहिल्या पानांना दाते दिसले तर घाबरू नका. रोप लहान असताना पान तसंच असतं.